शेल बदलताना

ऑफिसने नवे लॅपटॉप वाटले त्या दिवशी आमच्या मजल्यावर सगळे खुशीत होते. मला मात्र नुसता कंटाळा आला. नवं मशीन म्हणजे पुन्हा सगळं लावत बसा, पासवर्ड पुन्हा टाका, बोटांच्या सवयी पुन्हा मोडा. तिशीत हे करताना मजा यायची. पन्नाशी ओलांडल्यावर ते घर बदलल्यासारखं वाटतं. सामान येतं, पण हात अंधारात जुन्याच जागी दिव्याचं बटण शोधत राहतो.

मी सर्व्हर सांभाळते. अंधेरीच्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत, बावीस वर्षं. माझं काम काळ्या पडद्यावर चालतं. तिथे चित्रं नाहीत, माऊस नाही. हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, मशीन कामाला लागतं. आपण टाइप केलेलं वाचून ते मशीनपर्यंत पोचवणारा जो मधला प्रोग्रॅम असतो, त्याला शेल म्हणतात. शेल चारपाच प्रकारचे मिळतात. दिवसभर ज्याच्याशी बोलायचं तो कुठला असावा, यावर आमच्यातली शहाणीसुरती माणसं तासन्‌तास भांडतात. मी कधी भांडले नाही. पहिल्या नोकरीत मला जो मिळाला त्याचं नाव बॅश. तोच मी वापरत राहिले. लग्नाचंही माझं तसंच झालं, फार विचार केला नाही आणि निभावलं.

नव्या लॅपटॉपवर बॅशऐवजी झेडशेल होता. म्हणजे आता काहीतरी निवडणं भाग होतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीतला सहकारी बोरिवलीचा. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, कामात चोख, तोंडाने फटकळ. मला ताई म्हणतो आणि अहोजाहोच्या भानगडीत पडत नाही.

"ताई, आता तरी बॅश सोड यार," तो म्हणाला. "आणि तू मालवणी. तू फिश सोडून दुसरं काय वापरणार?"

फिश नावाचा एक शेल खरंच आहे. मी चहा आणायला गेले आणि परत येईपर्यंत त्याने तो माझ्या मशीनवर बसवलासुद्धा. वर आपले रोजचे हुकूमही त्यात भरून ठेवले, म्हणजे मला गंमत दिसावी.

"आता दोन अक्षरं टाइप कर," तो म्हणाला.

मी केली. तिसऱ्या अक्षराला हात लावायच्या आत उरलेली आख्खी ओळ राखाडी अक्षरांत पुढे उमटली. मला जे टाइप करायचं होतं तेच, शेवटच्या टिंबापर्यंत. उजवीकडचा बाण दाबला की ती राखाडी ओळ खरी होते.

"झकास ना? तुला काही लक्षात ठेवायलाच नको."

हे वाक्य त्याने चांगल्या मनाने म्हटलं होतं. मी मात्र कीबोर्डवरचे हात काढून घेतले. मी त्याला म्हटलं, "काढ हे. मला नको." आवाज जरा चढलाच असावा, कारण पलीकडच्या दोघांनी माना वर केल्या. त्याने काढलं. "तुझी मर्जी बाबा," म्हणाला आणि आपल्या कामाला लागला.

त्याला कारण सांगणं शक्य नव्हतं. ते मी घरीही सांगितलं नव्हतं.

माझी आई शेवटची चार वर्षं विसरत गेली. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर आम्ही दिंडोशीला आलो, आणि आईने तिथल्या दोन खोल्यांत आम्हा तिघा भावंडांना मोठं केलं. कुणाकडे किती वाजता कुठलं लग्न, कुणाच्या सुनेचं माहेर कुठलं, गावच्या बसला कुठल्या आगाराला किती वेळ थांबा, सगळं तिला तोंडपाठ. अशा बाईच्या हातात एक दिवस बांगडा होता आणि ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तो दी गो... तो... कापूचो." तिला आडाळो हा शब्द सापडत नव्हता. विळी तिच्या पायाशीच होती. आम्ही हसलो. तीही हसली. सुरुवात तिथून झाली. तेव्हा ती सत्तरीची होती, पण मागाहून डॉक्टर म्हणाले की या गोष्टी दिसायच्या खूप आधीपासून आत चाललेल्या असतात.

खूप आधी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. आता विचारायला हवं होतं असं वाटतं.

कारण गेल्या वर्षापासून माझे हात कीबोर्डवर थांबायला लागले होते. वीस वर्षं डोळे मिटून टाइप केलेला हुकूम, आणि अर्ध्यात बोटं हवेत. पुढे काय? दोन सेकंद, कधी चार सेकंद. मग यायचं. पुतण्याच्या साखरपुड्यात नवऱ्याच्या आतेबहिणीचं नाव आठवेना, म्हणून मी अर्धा तास तिला 'अगं' म्हणत वेळ मारून नेली. एकदा दूध आणलं का, असं नवऱ्याला दोनदा विचारलं, तर तो नुसतं "हो, मघाशी सांगितलं ना" म्हणाला आणि पेपर वाचत राहिला. त्याला त्यात काही वाटलं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

तर मी सगळ्यांत कोरडा शेल निवडला. नव्या मशीनवरचा झेडशेलच ठेवला, पण त्याला कसलीही सजावट केली नाही. सूचना बंद. अर्धा शब्द लिहून पुरा करून घ्यायची सोय असते, तीही बंद. मागचे हुकूम वर-खाली करून शोधता येतात, तेही मी बंद करून टाकलं. ही सोय तर बॅशमध्ये मी दिवसातून शंभरदा वापरायची. आता जे काही टाइप करायचं ते आठवून, पहिल्या अक्षरापासून. सहकाऱ्याने एकदा माझा पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला. "ताई, जेलमध्ये असल्यासारखी काय बसलीयस? कसलं व्रत आहे हे?"

व्रत नव्हतं, परीक्षा होती. रोज सकाळी आरेतून रिक्षाने जाताना मी मनातल्या मनात हुकूम म्हणत जायची. गोठ्यांचा वास यायला लागला की डिस्कवरची जागा मोजायचे हुकूम, मरोळच्या बाजूला उतार लागला की नेटवर्कचे. ऑफिसात बसल्यावर ते टाइप करून बघायची. आले, की आजचा दिवस पास. एखादा नाही आला, की दिवसभर जीव त्यातच. पहिल्यापेक्षा काम दुप्पट हळू व्हायला लागलं आणि संध्याकाळी मी इतकी थकलेली असायची की कुणी बोलायला लागलं तर राग यायचा. त्या थकव्यामुळे आणखी विसरायला व्हायचं. विसरलं की मी आणखी घाबरायची. सगळं कळत होतं, तरी मी शेल बदलत नव्हते.

असे दोन महिने गेल्यावर मी माझ्या नोंदी स्वतःच्या हाताने पुसल्या.

यात माझी एक जुनी खोड आहे, ती सांगायला हवी. फाइल पुसायचा हुकूम तसा मुकाट्याने काम करतो. एंटर दाबलं की गेली फाइल, कचऱ्याचा डबा वगैरे काही नाही. म्हणून पूर्वी मी बॅशच्या सेटिंगमध्ये एक ओळ लिहून ठेवली होती, की पुसण्याआधी प्रत्येक फाइलच्या वेळी मला विचार: पुसू का? आमच्यातले बरेच जण हे करतात. पण मी त्या प्रश्नावर इतकी विसंबले की त्याचीच चाळणी केली. एका नावाने सुरू होणाऱ्या पन्नास फाइल असल्या तर मी पन्नासच्या पन्नास पुसायला सांगायची, आणि मग तो एकेक विचारत जाईल तसं हो, नाही, नाही, हो करत निवडायची. चुकीची सवय आहे. नवख्या मुलांना मी स्वतः सांगत आले, असं करू नका.

नव्या लॅपटॉपवर माझ्या नोंदींच्या फाइल होत्या. कुठलं मशीन काय करतं, ते बंद पडलं तर आधी कुठे बघायचं, कुणाला फोन करायचा, असं वर्षानुवर्षांचं सगळं. त्यातल्या काही जुन्या, दुबार झालेल्या फाइल काढायच्या म्हणून दुपारी जेवून आल्यावर मी सवयीने हुकूम दिला आणि एक बोट 'नाही'च्या बटणावर तयार ठेवून बसले.

प्रश्न आला नाही. पडद्यावर नुसती नवी ओळ आली, पुढचं काय, असं विचारत.

ती 'विचार' सांगणारी ओळ जुन्या लॅपटॉपवरच्या बॅशमध्ये होती. झेडशेल ती वाचत नाही. हे मला माहीत होतं. पहिल्याच दिवशी माहीत होतं, ती ओळ इकडे आणायची असं मी ठरवलंही होतं. आणि मग ते माझ्या डोक्यातून पार निघून गेलं होतं.

मी शांतपणे उठून बाथरूममध्ये गेले आणि तिथे रडले. फाइलसाठी नव्हे. फाइल कुठून ना कुठून परत मिळतात. ठरवलेली गोष्ट मागमूस न ठेवता पुसली गेली होती, आणि ती पुसताना मला कुणी विचारलं नव्हतं. आईचं असंच झालं असणार, असं मला त्या वेळी स्पष्ट वाटलं.

बाहेर येऊन सहकाऱ्याला सांगितलं. तो लगेच उठला. "वाट लागली," म्हणाला, आणि माझं तोंड बघून पुढे म्हणाला, "अगं, जुना लॅपटॉप कुठेय? परत दिलास का?"

दिला होता, पण तो अजून ॲडमिनच्या कपाटात पडून होता. त्यांनी तो पुसायला घेतला नव्हता. ऑफिसातली ढिलाई कधीतरी कामाला येते. मी तो घेऊन आले, चार्जरला लावला, आणि नोंदी शाबूत दिसल्या. शेवटच्या दोन महिन्यांची भर तेवढी गेली.

फाइल नव्या मशीनवर जात होत्या तोवर मी जुना बॅश उघडून बसले. बॅश आपण दिलेला प्रत्येक हुकूम एका फाइलमध्ये लिहून ठेवतो. माझी ती फाइल कधीच कापायची नाही, आणि प्रत्येक ओळीवर तारीख टाकायची, असं मी फार पूर्वी सांगून ठेवलं होतं. प्रत्येक वेळी लॅपटॉप बदलला की ती मी बरोबर नेत आले होते. या वेळी शेलच वेगळा म्हणून ती मागे राहिली. आत बारातेरा वर्षं होती. मी ती उगाच चाळायला लागले. खरं म्हणजे उगाच नाही. मी पूर्वी कशी होते ते मला बघायचं होतं, म्हणजे किती घसरले ते कळेल.

टार म्हणून एक हुकूम आहे. पुष्कळ फाइलींचं एक गाठोडं बांधायचा आणि सोडायचा. त्याच्या मागे जी अक्षरं लावायची ती गेले वर्षभर मला पुन्हापुन्हा अडत होती आणि माझ्या भीतीचा सगळ्यात मोठा पुरावा तोच होता. हुकुमांच्या त्या इतिहासात मी टार शोधलं. दहा वर्षांपूर्वीची एक सकाळ निघाली: टारची माहितीपुस्तिका उघडली, मग चुकीची अक्षरं, मग पुन्हा पुस्तिका, मग बरोबर. त्याच्या पुढच्या महिन्यात तेच. त्याच्याही पुढे तेच. आठ वर्षांपूर्वी, पाच वर्षांपूर्वी, मी चाळिशीत ठणठणीत असताना, दर वेळी पुस्तिका उघडत होते. एके दिवशी तर तासाभरात तीनदा.

म्हणजे ती अक्षरं मला कधीच पाठ नव्हती. जे माझं नव्हतंच ते हरवलं म्हणून मी वर्षभर शोक करत होते.

मी हसले. सहकारी म्हणाला, "काय झालं?" मी त्याला दाखवलं. तो म्हणाला, "ताई, टार कुणालाच येत नाही. ज्याला येतं तो खोटं बोलतो." मग म्हणाला, "तू काय समजत होतीस?"

आणि मी त्याला सांगितलं. नवऱ्याच्या आधी, भावाच्या आधी, बोरिवलीच्या या फटकळ माणसाला, ऑफिसात, भर दुपारी. त्याने मान हलवून ऐकलं. धीर वगैरे दिला नाही. "डॉक्टरकडे जा," म्हणाला. "असं एकटीने काय तपासत बसलीयस?"

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" शनिवारी तो बरोबर आला.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी मला घड्याळ काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळाने परत विचारले. मला चार आठवले. पाचवा आठवेना. त्या म्हणाल्या, ठीक आहे. मग विचारलं, आज वार कोणता, तारीख काय, आपण आत्ता कुठे आहोत. मला सगळं सांगता आलं. समोरची बाई प्रेमाने विचारत होती, तिच्या आवाजात काही वाईट नव्हतं, तरी मला उठून पळावंसं वाटत होतं. नवरा शेजारी बसून माझ्याकडे बघत नव्हता. तो जमिनीकडे बघत होता, आणि त्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते.

शेवटी त्या म्हणाल्या, झोप कमी आहे, वय आहे, काळजी फार करता. आज तरी मला काही दिसत नाही. एक वर्षाने परत या. 'आज तरी' हे दोन शब्द मी घरी घेऊन आले. याहून जास्त कुणी कुणाला देऊ शकत नाही, एवढं मलाही कळतं.

सोमवारी ऑफिसात गेले आणि सहकाऱ्याला म्हटलं, "तो तुझा फिश बसवून दे." त्याने कुठलाही विनोद न करता बसवून दिला. जुन्या बॅशचा सगळा इतिहास त्यात भरला, पुसण्याआधी विचारायची ओळ घातली. सर्व्हरवर अजून बॅशच आहे, तिथे मी पूर्वीसारखीच चाचपडते. पण दिवसाचं बहुतेक काम आता माझ्या मशीनवर, या शेलमध्ये. मी दोन अक्षरं टाइप केली आणि माझीच दहा वर्षांपूर्वीची ओळ राखाडी होऊन पुढे आली. मी बाण दाबला, मग एंटर. पडद्यावर काहीच उमटलं नाही, म्हणजे काम झालं. कुणी मला नापास केलं नाही. खांदे इतके उतरले की ते दोन महिने कानाशी चढलेले होते हे तेव्हा कळलं.

आणि तिथे, खुर्चीत, मला आईची एक सकाळ आठवली. मी ती विसरलेली नव्हते, पण तिच्याकडे कधी नीट बघितलंही नव्हतं.

आईच्या दुखण्यात मी रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी तिच्यासमोर बसायची आणि तिला विचारायची. आज वार कोणता? मी कोण? आपण कुठे राहतो? कुणीतरी सांगितलं होतं की मेंदूला व्यायाम हवा, नाहीतर गंज चढतो. दोन वर्षं मी हे एक दिवस न चुकवता केलं. लेक किती करते, असं शेजारच्या बायका म्हणायच्या आणि मलाही ते पटायचं. उत्तर आलं नाही की मी थांबून राहायची. घाई असली तरी थांबायची. आठव, आठव, येईल. ती साडीचा पदर बोटाला गुंडाळत माझ्याकडे बघत राहायची. त्या बघण्याला मी हट्ट समजत होते.

त्या सकाळी मी वार विचारला आणि तिने माझा हात धरला. शब्द जवळजवळ सगळे गेलेले होते, पण हे तिने सरळ सांगितलं.

"माका इचारू नको गो," ती म्हणाली. "तू सांग. मी आयकतंय."

मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "असं नाही आई. तू आठव बघू."

बुधवार होता.